हुतात्मा होण्यापूर्वीचा पोलीस

(२१ ऑक्टोबर या पोलीस स्मृतिदिनाच्या निमित्ताने मुंबईच्या उपनगरातील एका व्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचे संपादित शब्दांकन)



आजच्या विषयासाठी संयोजकांनी मुद्दाम हा दिवस निवडला, त्याबद्दल प्रथम मी त्यांचे अभिनंदन करतो. २१ ऑक्टोबर हा पोलीस स्मृतिदिन. आपल्या घरातल्या दिनदर्शिकेवर ही नोंद अगदी बारीक अक्षरांत असते आणि बहुधा दिवाळीच्या खरेदीच्या धांदलीत ती कोणाच्या नजरेलाही पडत नाही. म्हणून या दिवसाची कथा आधी सांगतो.

१९५९ साली लडाखच्या सीमेवर आजच्यासारखे सैन्य तैनात नव्हते. चीनला लागून असलेल्या त्या बर्फाळ सीमेची राखण पोलीस करीत असत. २० ऑक्टोबर रोजी हॉट स्प्रिंग्ज येथून तीन तुकड्या टेहळणीसाठी निघाल्या. दोन परतल्या, तिसरी परतली नाही. तिच्यात दोन शिपाई आणि एक हमाल होता. दुसऱ्या दिवशी सकाळी करमसिंग या अधिकाऱ्याच्या नेतृत्वाखाली जवळपास वीस जणांचे पथक आपल्या हरवलेल्या सहकाऱ्यांच्या शोधार्थ निघाले. टेकडीवर दबा धरून बसलेल्या चिनी सैनिकांनी त्यांच्यावर गोळीबार केला. दहा पोलीस जागीच धारातीर्थी पडले, काही जण चीनच्या कैदेत गेले. त्या दहा जणांचे देह चीनने परत केले ते १३ नोव्हेंबरला, म्हणजे तीन आठवड्यांनंतर. तिथेच, त्या उजाड पठारावर, त्यांच्यावर अंत्यसंस्कार झाले. पुढे जानेवारी १९६० मध्ये राज्यांच्या पोलीस महानिरीक्षकांच्या परिषदेत हा दिवस देशभर स्मृतिदिन म्हणून पाळण्याचा निर्णय झाला.

या कथेतील एक गोष्ट ध्यानात ठेवा, कारण आजच्या विवेचनात तिच्याकडे मी पुन्हा येणार आहे. ती माणसे युद्धावर निघाली नव्हती. परत न आलेल्या दोन शिपायांना आणि एका हमालाला शोधायला निघाली होती. नेहमीचे काम होते. त्या नेहमीच्या कामातच मृत्यू वाट पाहत होता.

या दिवशी सकाळी मुंबईत नायगावच्या पोलीस मैदानावर मानवंदनेचे संचलन होते. गेल्या वर्षभरात देशात कर्तव्य बजावताना प्राणार्पण केलेल्या पोलिसांना तिथे अभिवादन केले जाते. २१ ऑक्टोबर २०१८ रोजी दिल्लीत चाणक्यपुरीत राष्ट्रीय पोलीस स्मारकाचे लोकार्पण झाले. स्वातंत्र्यानंतर तोपर्यंत कर्तव्यावर मरण पावलेल्या पोलिसांची संख्या तेव्हा ३४,८४४ अशी सांगण्यात आली होती. चौतीस हजार आठशे चव्वेचाळीस! या सभागृहात बसलेल्या आपल्यापैकी प्रत्येकाने मनातल्या मनात नावे मोजायला सुरुवात केली, तर आपण किती नावांपर्यंत पोहोचू? माझा अंदाज आहे, चार. करकरे, कामटे, साळसकर, ओंबळे. तिथे आपली स्मरणशक्ती संपते.

या चार नावांचा मान उणा करण्यासाठी मी हे बोलत नाही. २६ नोव्हेंबर २००८ च्या रात्री पत्रकार म्हणून मीही या शहरात जागा होतो. आपण उपनगरातले लोक त्या हल्ल्याला ‘दक्षिण मुंबईतला हल्ला’ म्हणतो, पण तसे ते नव्हते. कसाब आणि त्याचा साथीदार ज्या टॅक्सीने छत्रपती शिवाजी टर्मिनसला आले, त्या टॅक्सीत त्यांनी ठेवलेला बॉम्ब विलेपार्ल्याला द्रुतगती महामार्गावर फुटला. आणि रंगभवनच्या गल्लीत ज्यांनी देह ठेवला, ते अशोक कामटे हे पूर्व प्रादेशिक विभागाचे अपर पोलीस आयुक्त होते. म्हणजे चेंबूर, घाटकोपर, मुलुंड या आपल्या पूर्व उपनगरांची जबाबदारी असलेले अधिकारी. त्या रात्री पूर्व उपनगरांत कुठेही गोळीबार सुरू नव्हता. ते चेंबूरहून जिथे गोळ्या चालल्या होत्या तिथे गेले. कामाच्या रुग्णालयालगतच्या त्या गल्लीत हेमंत करकरे, अशोक कामटे आणि विजय साळसकर एकाच गाडीत होते. तिथल्या चकमकीत कसाब हाताला गोळी लागून जखमी झाला. हे तिघे मात्र परतले नाहीत.

पण त्या रात्री या चौघांखेरीजही पोलीस पडले. टर्मिनसमध्येच रेल्वे पोलिसांचे वरिष्ठ निरीक्षक शशांक शिंदे पडले. बापूसाहेब दुरगुडे, प्रकाश मोरे, बाळासाहेब भोसले, अरुण चित्ते, जयवंत पाटील, योगेश पाटील, विजय खांडेकर, अंबादास पवार, मुरलीधर चौधरी, राज्य राखीव दलाचे तरुण जवान राहुल शिंदे, गृहरक्षक दलाचे मुकेश जाधव. मी ही नावे मुद्दाम सावकाश घेतली. यांतील किती नावे आपण आज पहिल्यांदा ऐकली, याचे उत्तर ज्याने त्याने स्वतःला द्यावे. राहुल शिंदे सोलापूर जिल्ह्यातील माढा तालुक्यातल्या सुलतानपूरचे. त्या गावाने आपले नाव बदलून राहुलनगर करण्याचा ध्यास घेतला. एक लहानसे खेडे आपल्या मुलाचे नाव स्वतः धारण करते आणि कोट्यवधींच्या या महानगराला ते नाव ठाऊकही नसते, हे शल्य मनाला टोचल्याशिवाय राहत नाही.

मित्रहो, आता तुकाराम ओंबळे यांच्याविषयी. सातारा जिल्ह्यातील जावळी तालुक्यातले केडंबे हे त्यांचे गाव. आधी सैन्यात सिग्नल दलात नोकरी, तिथून निवृत्त झाल्यावर १९९१ मध्ये मुंबई पोलिसांत. २००८ साली ते डी. बी. मार्ग पोलीस ठाण्यात सहायक उपनिरीक्षक होते. निवृत्तीची वाट पाहत, मुलींच्या लग्नाची काळजी करीत जगावे असे ते वय. गिरगाव चौपाटीवर नाकाबंदी होती. दहशतवादी स्कोडा गाडीतून आले, चकमक झाली, एक जण मारला गेला. दुसरा एके-४७ घेऊन बाहेर पडताच ओंबळे त्याच्या अंगावर धावून गेले आणि त्यांनी दोन्ही हातांनी त्या बंदुकीची नळी घट्ट पकडली. गोळ्या त्यांच्या शरीरात शिरत राहिल्या, पण पकड सुटली नाही. तेवढ्या अवधीत सहकाऱ्यांनी कसाबला जिवंत पकडले.

त्या पकडीचे मोल काय, याचा आपण पुरेसा विचार केलेला नाही. या दहशतवाद्यांजवळ भारतीय नावांची बनावट ओळखपत्रे होती. दहाही जण त्या रात्री मारले गेले असते, तर हे लोक कोण, कुठले, त्यांना कोणी पाठवले, या प्रश्नांभोवती किती धुरळा उडाला असता! कसाब जिवंत हाती लागला, म्हणून तो कुठून आला आणि त्याला कोणी शिकवून पाठवले, हे जगापुढे आले. आर्थर रोड कारागृहातील विशेष न्यायालयात खटला उभा राहिला, साक्षी झाल्या, मे २०१० मध्ये शिक्षा झाली, २९ ऑगस्ट २०१२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ती कायम केली आणि २१ नोव्हेंबर २०१२ रोजी येरवड्याला तिची अंमलबजावणी झाली. एका देशाने आपल्या शत्रूलाही कायद्याच्या चौकटीतून न्याय दिला. या सगळ्या प्रक्रियेचा पाया एका पोलिसाच्या दोन हातांनी घातला. २०२१ मध्ये संशोधकांनी ठाणे-कल्याण परिसरात आढळलेल्या कोळ्याच्या एका नव्या प्रजातीला ‘आयसियस तुकारामी’ असे नाव दिले. विज्ञानाच्या ग्रंथांत ते नाव आता कायमचे राहील. आपल्या मनात ते किती काळ राहते, एवढाच प्रश्न आहे.

इथे एक अवघड विषय टाळून पुढे गेलो, तर ते प्रामाणिकपणाचे होणार नाही. हेमंत करकरे ज्या तपासाचे प्रमुख होते, त्या तपासाविषयी आपल्यापैकी अनेकांच्या मनात तीव्र मतभेद होते आणि आजही आहेत. मतभेद असण्याचा अधिकार लोकशाहीत प्रत्येकाला आहे. तपास बरोबर की चूक, याचा निवाडा करण्याची जागा न्यायालय आहे. परंतु जो माणूस त्या रात्री शिरस्त्राण चढवून गोळ्यांच्या दिशेने चालत गेला, त्याच्या चितेपुढे उभे राहून जुना हिशेब मांडणे आपल्या संस्कृतीत बसत नाही. मरणाबरोबर वैर संपते, हे आपण रामायणापासून शिकत आलो. इथे तर वैरही नव्हते, तो आपल्याच घरचा माणूस होता आणि आपल्याच घरासाठी मेला. हे मी या व्यासपीठावरून स्पष्टपणे सांगणे आवश्यक समजतो. हुतात्म्यांची वाटणी करणारा समाज शेवटी सर्वच हुतात्मे गमावतो.

त्या दोन वीरपत्नींनी नंतर काय केले, तेही सांगण्यासारखे आहे. विनिता कामटे यांनी माहिती अधिकाराचा वापर करून नियंत्रण कक्षातील त्या रात्रीच्या संभाषणांच्या नोंदी मागितल्या आणि मदत वेळेवर का पोहोचली नाही, हा प्रश्न उभा केला. कविता करकरे यांनी पतीच्या बुलेटप्रूफ जाकिटाविषयी विचारणा केली. पुढे २०१४ मध्ये कविताताईंचे निधन झाले, तेव्हा कुटुंबीयांनी त्यांचे अवयवदान केले. ज्या घराने देशाला इतके दिले होते, त्याने जाता जाताही काही अनोळखी रुग्णांना जीवन दिले. राज्य सरकारने राम प्रधान यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. पोलिसांची शस्त्रसामग्री, प्रशिक्षण, माहितीची देवाणघेवाण यांतील उणिवांवर चर्चा झाली. पुढे ‘फोर्स वन’ उभे राहिले, सागरी सुरक्षेकडे लक्ष गेले. हे सारे झाले, पण ते प्राण गेल्यानंतर झाले. हुतात्म्याच्या पत्नीला आपल्या पतीच्या जाकिटाचा हिशेब अर्ज करून मागावा लागतो, ही गोष्ट कोणत्याही सरकारच्या आणि कोणत्याही पक्षाच्या पलीकडची आहे. ती आपल्या सार्वजनिक सवयीची गोष्ट आहे. आपण पुतळा लवकर उभारतो, पण चांगले जाकीट उशिरा विकत घेतो.

आता मी आपल्याला समुद्रापलीकडून आलेल्या शत्रूकडून आपल्या उपनगराच्या रस्त्यावर आणतो. कारण आजच्या माझ्या बोलण्याचा गाभा इथे आहे.

२३ ऑगस्ट २०१६. खार पश्चिम. वाहतूक पोलीस विलास शिंदे एका पेट्रोल पंपाजवळ कर्तव्यावर होते. एक अल्पवयीन मुलगा हेल्मेट न घालता मोटारसायकल चालवत होता. शिंदे यांनी त्याला अडवले. मुलाने आपल्या मोठ्या भावाला बोलावून घेतले. त्या भावाने शिंदे यांच्या डोक्यावर लाकडी दांडक्याने प्रहार केला. आठ दिवस ते मृत्यूशी झुंजले आणि ३१ ऑगस्टला त्यांची प्राणज्योत मालवली. गणपती अवघ्या चार-पाच दिवसांवर आले होते.

योगायोग पाहा. ओंबळे सातारा जिल्ह्यातले, शिंदेही सातारा जिल्ह्यातले. दोघेही मुंबईच्या रस्त्यावर साध्या कामासाठी उभे होते. एकाच्या हाती लाठी होती, दुसऱ्याच्या हाती बहुधा पावतीपुस्तक. एकाला सीमेपलीकडच्या प्रशिक्षित मारेकऱ्याने मारले. आणि दुसऱ्याला? दुसऱ्याला आपल्यातल्याच, याच शहरात वाढलेल्या, याच रस्त्यांवरून फिरणाऱ्या एका तरुणाने मारले.

पहिल्या मरणावर संताप करणे सोपे आहे. तिथे शत्रू बाहेरचा आहे आणि आपण सारे एका बाजूला आहोत. दुसरे मरण आपल्याला अस्वस्थ करते, कारण त्यात आपण निव्वळ प्रेक्षक नाही. सोळा वर्षांच्या मुलाच्या हाती मोटारसायकलची किल्ली कोण देते? पोलिसाने अडवले की ‘तुला माहीत आहे का मी कोण आहे’ हे वाक्य तो मुलगा कोठे शिकतो? शाळेत नाही, हे मी खात्रीने सांगतो. तो ते घरात शिकतो. वडील सिग्नल तोडून पुढे जातात आणि हवालदाराने शिट्टी मारली की खिशातून भ्रमणध्वनी काढून कोणा ओळखीच्या माणसाला फोन लावतात, तेव्हा मागच्या आसनावर बसलेले ते पोर सारे पाहत असते. दांडके उचलणारे हात फार थोडे असतात. परंतु खाकी वर्दीतला माणूस म्हणजे आपल्या वाटेतला अडथळा, ही भावना आपल्या फार मोठ्या समाजात रुजली आहे. त्या भावनेचे शेवटचे टोक म्हणजे खारचा तो प्रसंग.

२०१९ च्या मोटार वाहन सुधारणा कायद्याने अल्पवयीन मुलाने गुन्हा केल्यास पालकाला किंवा वाहनमालकाला तीन वर्षांपर्यंत कारावास आणि २५ हजार रुपये दंडाची तरतूद केली. कायदा आला, हे योग्यच झाले. पण कायदा किल्लीपर्यंत पोहोचतो तो अपघात झाल्यावर. किल्ली त्याआधी कपाटात ठेवण्याचे काम आई-वडिलांनाच करावे लागते.

अनेक वर्षे मी रात्रपाळीची पत्रकारिता केली. अंधेरी, जोगेश्वरी, बोरिवली, घाटकोपर, मुलुंड अशा पोलीस ठाण्यांतून फिरणे हा तेव्हा नित्यक्रम होता. १३ मार्च २००३ ला मुलुंड स्थानकात लोकलच्या डब्यात स्फोट झाला, ११ जुलै २००६ ला पश्चिम रेल्वेवर माटुंग्यापासून बोरिवली-भाईंदरपर्यंत स्फोटांची मालिका झाली, त्या रात्री मी शिपायांना जवळून पाहिले आहे. जखमींना खांद्यावर घेऊन धावणारे, विखुरलेल्या चपला आणि डबे गोळा करणारे, ओळख पटत नसलेल्या मृतांजवळ रात्रभर बसणारे. सकाळी त्यांतला एक मला म्हणाला, “साहेब, घरी फोन करून एवढंच सांगा, की मी ठीक आहे. माझ्या फोनची बॅटरी संपली.” मी फोन केला. पलीकडून त्याच्या पत्नीने फक्त विचारले, “जेवले का?” त्या दोन शब्दांत पोलिसाच्या घराचे सारे आयुष्य आहे, असे मला तेव्हापासून वाटत आले आहे.

घाटकोपरच्या पोलीस वसाहतीत वाढलेला माझा एक मित्र सांगत असे, “वडील घरी असले की घरात कुजबुजत बोलायचं, कारण ते झोपलेले असत. सणाला घरात सगळे असत, फक्त वडील नसत.” गणेशोत्सवात, नवरात्रात, दहीहंडीत, निवडणुकीत, क्रिकेटच्या सामन्यात आपण आनंद करीत असतो, तेव्हा कोणाचा तरी बाप रस्त्यावर उभा असतो. बारा तास, कधी सोळा तास, कधी त्याहूनही अधिक. रक्तदाब, मधुमेह, पाठीचे दुखणे हे मग बंदुकीच्या गोळीशिवायच त्याला मारतात. त्या मरणाला तिरंगा नसतो, फैरी नसतात.

करोनाचे दिवस आठवा. एप्रिल २०२० मध्ये मुंबई पोलिसांतला पहिला बळी गेला तो वाकोला पोलीस ठाण्यातील ५७ वर्षांच्या हवालदाराचा. निवृत्ती अगदी उंबरठ्यावर आलेली. आपण सारे दारे लावून घरात होतो, तेव्हा ते बाहेर होते. त्यानंतर लगेच ५५ वर्षांवरील पोलिसांना घरी थांबण्यास सांगण्यात आले. निर्णय योग्य होता. पण इथेही तोच क्रम. आधी बळी, मग निर्णय.

हा क्रम उलटा करता येतो का? येतो. आणि त्याचे उदाहरण आपल्या पूर्व उपनगरातच घडले आहे. देवनार पोलीस ठाण्यातील रवींद्र पाटील या शिपायाने आठ तासांच्या कामाची योजना स्वतः अभ्यासून मांडली. उपलब्ध मनुष्यबळातच तीन पाळ्या कशा बसवता येतील, याचे गणित त्याने कागदावर करून दाखवले. तेव्हाचे पोलीस आयुक्त दत्ता पडसलगीकर यांनी एका शिपायाचे म्हणणे ऐकून घेतले, मे २०१६ मध्ये देवनारला तो प्रयोग सुरू केला आणि जानेवारी २०१७ पासून तो मुंबईभर नेला. पुढे त्यात अडचणी आल्या, मनुष्यबळाची ओढाताण आजही आहे. पण एक गोष्ट सिद्ध झाली. बदल खालच्या पायरीवरूनही सुरू होऊ शकतो, ऐकणारा वरिष्ठ असला की. माझ्या मते हुतात्म्यांना वाहिलेली ही एक खरी श्रद्धांजली होती, कारण ती जिवंत पोलिसाच्या उपयोगी पडली.

महाराष्ट्राच्या दुसऱ्या टोकाला गडचिरोलीत तर मृत्यू रोजचा सोबती झाला होता. एकट्या २००९ या वर्षात मरकेगावला १५, हत्तीगोटाला १६ आणि लाहेरीला १७ पोलीस माओवाद्यांच्या हल्ल्यांत गेले. हत्तीगोटाच्या हुतात्म्यांत पाच महिला होत्या. १ मे २०१९ रोजी, महाराष्ट्रदिनी, जांभुळखेड्याला भूसुरुंगाने शीघ्र कृती पथकाचे १५ जवान आणि त्यांचा वाहनचालक यांचा घास घेतला. आपण त्या दिवशी उपनगरांत ध्वजवंदन करून सुट्टी साजरी करीत होतो. आज गडचिरोलीत माओवाद मागे हटला आहे, रस्ते झाले आहेत, शस्त्रे खाली ठेवली जात आहेत. त्या रस्त्यांखाली कोणाचे रक्त मुरले आहे, याची जाणीव आपल्या मुलांना असायला हवी.

आता कोणी विचारील, आणि विचारणे रास्तच आहे, की सगळे पोलीस असेच असतात काय? पैसे मागणारे, तक्रार नोंदवून न घेणारे, गरिबाला दरडावणारे पोलीस आम्ही पाहिलेले नाहीत काय? पाहिले आहेत. पत्रकार म्हणून त्यांच्याविषयी मी लिहिले आहे आणि लिहीत राहीन. वर्दीचा गैरवापर करणारा माणूस सर्वांत मोठा अपराध कोणाचा करतो? त्याच वर्दीत मरण पावलेल्याचा. म्हणून भ्रष्ट पोलिसाला जाब विचारणे आणि प्रामाणिक पोलिसाच्या पाठीशी उभे राहणे ही एकाच कर्तव्याची दोन अंगे आहेत. आपण मात्र सोयीस्कर चूक करतो. भ्रष्ट पोलिसाशी आपण हातमिळवणी करून आपले काम करून घेतो आणि प्रामाणिक पोलिसाने पावती फाडली की त्याच्याशी हुज्जत घालतो.

बंधुभगिनींनो, केवळ भावना व्यक्त करून मी थांबणार नाही. आपण कार्यकर्ते आहोत, संसारी माणसे आहोत, आपल्याला करण्याजोगे काय, ते सांगतो.

पहिली गोष्ट आपल्या घरात. परवाना मिळेपर्यंत मुलाच्या हाती किल्ली नाही. पोलिसाने अडवले, तर गाडी बाजूला घेऊन, नमस्कार करून, चूक असेल तर दंड भरायचा. मुलांसमोर हे एकदा जरी केले, तरी संस्काराचे दहा तास वाचतील.

दुसरी गोष्ट आपल्या वस्तीत. आपल्या भागातील पोलीस ठाण्यात जा. तिथल्या किंवा आपल्या परिसरात राहणाऱ्या ज्या पोलिसांनी कर्तव्यावर प्राण दिले, त्यांची नावे विचारून घ्या. ती नावे आपल्या शाळांत, ग्रंथालयांत, गणेशमंडळांच्या मंडपांत लिहिली जावीत. देखाव्यांवर लाखो रुपये खर्च होतात, एका फलकाला जागा निघेलच.

तिसरी गोष्ट त्या कुटुंबांची. फैरी झाडून झाल्यावर, मंत्री येऊन गेल्यावर, छायाचित्रकार निघून गेल्यावर त्या घरात कागदपत्रांचा एक लांबलचक प्रवास सुरू होतो. निवृत्तिवेतन, अनुकंपा तत्त्वावरील नोकरी, सरकारी घर सोडावे लागेल का ही धास्ती, मुलांच्या शाळेचे शुल्क. आपल्यात वकील आहेत, सनदी लेखापाल आहेत, बँकेतून निवृत्त झालेले आहेत, शिक्षक आहेत. वर्षातून एका कुटुंबाचा एक अर्ज जरी आपण मार्गी लावला, तरी ती श्रद्धांजली पुष्पचक्रापेक्षा अधिक काळ टिकेल. आणि हे करताना त्या घराची जात, धर्म, पक्ष विचारू नये. गोळीने तो विचारलेला नसतो.

चौथी गोष्ट आपल्या प्रतिनिधींना विचारण्याची. निवडणुकीत मत मागायला येणाऱ्या प्रत्येकाला विचारा, आमच्या भागातील पोलीस ठाण्यात मंजूर पदे किती, भरलेली किती? पोलीस वसाहतींच्या गळक्या छपरांचे काय केले? रात्री नाकाबंदीवर उभ्या असलेल्या शिपायाजवळ काठीखेरीज दुसरे काय आहे? हे प्रश्न हल्ल्यानंतर चौकशी समितीने विचारण्याऐवजी हल्ल्याआधी नागरिकांनी विचारले, तर कदाचित एखादा फलक लिहिण्याची वेळच येणार नाही.

सुरुवातीला मी हॉट स्प्रिंग्जची कथा सांगितली होती. ती माणसे हरवलेल्या सहकाऱ्यांना शोधायला गेली होती. ओंबळे नाकाबंदीला उभे होते. विलास शिंदे एका मुलाला हेल्मेटविषयी विचारत होते. वाकोल्याचे हवालदार बंदोबस्ताला जात होते. यांतला कोणीही सकाळी घरातून निघताना हुतात्मा व्हायला निघाला नव्हता. निघाला होता तो पोलीस, आपले रोजचे काम करायला. त्याने काम टाळले असते, त्या मुलाकडे दुर्लक्ष केले असते, बंदुकीसमोरून दोन पावले मागे सरकला असता, तर आज तो आपल्या नातवंडांत असता आणि त्याला कोणी दोषही दिला नसता. तो मागे सरकला नाही. त्याचे मोठेपण मला या न सरकण्यात दिसते. मरण हा त्याचा परिणाम होता.

म्हणून हुतात्म्याला हार घालणे पुरेसे नाही. जो पुढे मागे हुतात्मा होऊ शकतो, तो आत्ता, या क्षणी आपल्या सभागृहाबाहेरच्या चौकात उभा आहे. मगाशी इथे येताना मी त्याला पाहिले. संध्याकाळच्या गर्दीत शिट्टी वाजवत होता, घामाघूम झाला होता. आपण सारे आता घरी निघू. वाटेत तो भेटेल. त्याला पाणी विचारा. एवढ्याने सुरुवात करू या.